द्राक्षमळ्याच्या बांधावरची काठी

होग्लाला यंदा नाचायला जाऊ द्यायचं की नाही, यावरून अम्मीहूदच्या घरात सकाळपासून धुसफूस चालली होती. आमच्या शिलो गावचा सण म्हणजे आम्हा एफ्राइम वंशातल्या लोकांच्या पोरींचा दिवस. द्राक्षं खुडून झाली की त्या मळ्यात फेर धरतात, आणि बांधावर बाप-भाऊ काठ्या घेऊन उभे राहतात. काठ्या कशाला, असं एखादीनं विचारलंच तर "दक्षिणेकडे राहणाऱ्या बन्यामीन वंशाचा काय भरवसा?" एवढंच उत्तर मिळतं. त्यापुढे आमच्याकडे कुणी बोलत नाही.

"यंदा नाही जायचं," अम्मीहूद म्हणाला. "घरात परका माणूस आहे."

"परका तुम्हीच ठेवून घेतलात, बाबा. शिक्षा मला का?"

खरं तर ठेवून घेण्यावाचून त्याला इलाज नव्हता. आदल्या संध्याकाळी एक तरुण गाढव घेऊन दारात आला. सणाच्या दिवसांत आलेल्याला परत पाठवलं तर गाव तोंडात शेण घालतं. त्यानं नाव सांगितलं इत्तय, वंश सांगितला मनश्शे, आणि धंदा लोकर विकण्याचा. अम्मीहूदनं त्याला भाकरी वाढली आणि तेव्हापासून त्याच्यावरची नजर काढली नाही.

संशयाला जागा भरपूर होती. मनश्शेचा मुलूख उत्तरेला, पण गड्याच्या चपलांवर दक्षिणेच्या वाटेची धूळ. लोकर विकायला आलेला माणूस, पण गाठोडं सोडायचं नाव नाही. शेजारच्या बाईला त्यानं विचारलं होतं, "या घरातल्या म्हातारीचं नाव मिल्काच ना?" पोरी नाचायला कधी येतात, हेही विचारून झालं होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याचा डावा हात. तो सदा अंगरख्याच्या आत. उजव्या हातानं भाकरी मोडायचा, तीही नवशिक्यासारखी. बन्यामीनवाले डावरे असतात, ही आमच्याकडची पक्की समजूत. त्यांचे गोफणवाले डाव्या हातानं केसावर नेम धरतात म्हणे.

दुपारी पाहुणा अंगणात बसला होता. अम्मीहूदनं टोपलीतून एक डाळिंब उचललं आणि काही न बोलता त्याच्या तोंडावर फेकलं.

इत्तयनं ते झेललं. डाव्या हातानं, आणि इतक्या सहज की झेलल्यावर त्यालाच कळलं आपलं काय चुकलं ते.

"बन्यामीनाचा आहे!" अम्मीहूद ओरडला. "पोरींवर डोळा ठेवून आलाय!"

बांधाकडे निघालेले शेजारी काठ्यांसकट अंगणात शिरले. एकानं इत्तयच्या पाठीत काठी घातलीदेखील. कालपासून अम्मीहूदला 'काका' म्हणणारा तो पोरगा दोन्ही हात डोक्यावर धरून म्हणाला, "मामा, मारू नका."

"मामा कुणाला म्हणतोस रे?"

"तुम्हालाच. माझ्या आईचं नाव अतारा."

हे नाव त्या घरात वीसेक वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. अतारा ही अम्मीहूदची थोरली बहीण. अशाच एका सणाला नाचता नाचता ती नाहीशी झाली होती.

"नाव कुणीही शोधून काढेल," अम्मीहूद म्हणाला. "खोटारडा आहे हा. मनश्शेचा म्हणून माझी भाकरी खाल्ली यानं."

"बन्यामीनाचा म्हणून सांगितलं असतं तर वाढली असतीत?"

एव्हाना म्हातारी मिल्का भिंतीच्या आधारानं बाहेर आली होती. तिनं लेकाला बाजूला सारलं आणि पोराच्या समोर बसली.

"ती अजून झोपेत दात खाते का रे?"

"हो, आजी. बाबा म्हणतात, जात्याशेजारी झोपल्यासारखं वाटतं."

मिल्का हसली आणि हसता हसताच रडायला लागली. शेजाऱ्यांना काय करावं कळेना. काठ्या तेवढ्या खाली आल्या.

"आई, त्यांचं रक्तच तसलं," अम्मीहूद चाचरत म्हणाला. "त्यांच्या गिबा गावात मुक्कामाला आलेल्या त्या बाईला हाल करून मारलं, ते विसरलीस? गुन्हेगारांना पाठीशी घालणारा वंश तो."

"नाही विसरले. ते पाप होतं, आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. पण तुम्ही बाकीचे सगळे वंश एक होऊन त्यांच्यावर चालून गेलात आणि त्यांची बायकापोरंही कापलीत. पोरांनी काय केलं होतं? मूठभर पुरुष खडकात लपून वाचले. वर तुम्ही शपथ वाहिलीत, बन्यामीनाला लेक द्यायची नाही. मग कुणाला तरी रडू आलं, की अरेरे, आपला मूळपुरुष याकोब, त्याच्या लेकांतला एक वंश बुडतोय! लढाईला न आलेल्या याबेश गावावर धाड घातलीत, तिथली माणसं मारून मुली आणल्यात. त्या पुरेनात. मग काय युक्ती काढलीत, सांग की या लोकांना."

अम्मीहूद अंगणात पडलेलं डाळिंब उचलायला वाकला.

"मी सांगते. वडीलधाऱ्यांनी त्या वाचलेल्या पुरुषांना सांगितलं, शिलोच्या मळ्यात लपा, पोरी नाचायला आल्या की उचला. आपण दिली नाही म्हणजे शपथ मोडली नाही! शपथ शाबूत राहावी म्हणून माझी लेक दिलीत. शपथ तुम्ही पुरुषांनी वाहिली होती. मला कुणी विचारलं नाही, तिलाही नाही."

ती दम खायला थांबली. मग इत्तयचा डावा हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "आपल्या एफ्राइमाचा बाप योसेफ आणि त्यांचा बन्यामीन एका आईचे. धाकट्या बन्यामीनाला जन्म देताना ती आई, राहेल, वाटेतच गेली. सख्खे भाऊ आपण. ते जुनं झालं म्हणत असाल तर कालचं बघा. आज बन्यामीनात जी पोरं आहेत त्यांच्या आया कोण? आपल्याच लेकी. ज्यांच्यावर तुम्ही काठ्या उगारता ती तुमची भाचरं आहेत रे."

मग ती इत्तयकडे वळली. "आई कुठंय?"

"लबोना गावाच्या वाटेवर, मळा संपतो तिथं. दोनदा वेशीपर्यंत आली होती, बन्यामीनाची बायको म्हणून हाकलली. या वेळी म्हणाली, तू वंश लपवून जा आणि आजी आहे का तेवढं बघून ये. सगळ्यांचं लक्ष नाचाकडे असेल तेव्हा मला तुला, आजी, तिकडे न्यायचं होतं."

मिल्काला गाढवावर बसवलं. अम्मीहूद काठी टेकत मागून चालला; सवयीनं त्यानं ती सोबत घेतली होती. होग्लाही निघाली आणि तिला कुणी अडवलं नाही.

शेवटच्या वेलीपाशी एक बाई बसली होती. केस पांढरे होऊ लागलेले. मायलेकींनी एकमेकींना मिठी मारली, आणि बराच वेळ त्या दोघींत कुणाला जागा नव्हती. मग अतारानं भावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे नाही, हातातल्या काठीकडे.

"ही त्या दिवशी कुठं होती, अमी?"

त्या दिवशीही ती त्याच्या हातातच होती. बहिणीनं त्याचं नाव घेऊन हाक मारली होती. बापानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, जाऊ दे, असं ठरलंय. तो उभा राहिला होता. आणि तेव्हापासून दरवर्षी त्याच बांधावर तो सर्वांत आधी येऊन पहारा देत होता.

तो गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. अतारानं त्याला लगेच जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तिनं होग्लाला जवळ बोलावलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "नाचतेस ना गं? आज नाच. मी बघते."

त्या दुपारी शिलोच्या मळ्यात बन्यामीनाची एक बाई आपल्या आईशेजारी बांधावर बसली होती, आणि अम्मीहूदनं गावाला ठणकावून सांगितलं, की यापुढे माझ्या घरातली लेक कुणाला द्यायची आणि कुणाला नाही याची शपथ वाहायच्या आधी तिला विचारलं जाईल.

मंडळी, शेजारच्या वंशाचा संशय आपल्याला फार येतो. त्याच्या चपलांची धूळ दिसते, त्याचा डावा हात दिसतो. अशा वेळी क्षणभर आपल्याच हाताकडे बघावं. आपण ज्यांच्याविरुद्ध पहारा देतो, ते आपलेच कुणी लागत असतील. आणि जेव्हा खरोखर काठी उचलायची होती, तेव्हा आपण नुसते उभे राहिलो असू.