जगाचा उजवा

सावधान

बाईंच्या घरात दोन उजवे होते. एक बाईंचा आणि एक जगाचा.

ह्याला कारण कवायत. बाईंनी उभं आयुष्य शाळेच्या मैदानावर मुलांकडे तोंड करून काढलं. समोरच्या रांगांनी उजवा हात वर करायचा तर बाईंनी स्वतःचा डावा करायचा, म्हणजे मुलांना आरशात बघून केल्यासारखं सोपं जातं. तोंडाने मात्र म्हणायचं, "उजवा हात वर!" वर्षानुवर्षं असं केल्यावर बाईंच्या शब्दांची आणि हातापायांची जी फारकत झाली ती कायमची. शाळा सुटली, सवय सुटली नाही. बाईंनी उजव्या फळीवर आहे म्हणून सांगितलेलं मीठ डाव्या फळीवर सापडायचं.

नवरा जन्मभर बस चालवलेला माणूस. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत, आणि सगळी गल्ली बायकोला बाई म्हणते म्हणून तोही बाईच म्हणे. लग्न नवं असताना बाईंनी त्याला एकदा रस्ता सांगितला, तेव्हा दोघं नातेवाइकांऐवजी एका साबणाच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून तो विचारू लागला, "तुझा उजवा की जगाचा उजवा?" पुढे विचारणंही सुटलं. बाई बोलायच्या आणि ड्रायव्हर मागून त्यांचं बोलणं सरळ करून जगाला द्यायचा. "म्हणजे डावा," तो म्हणायचा. दुभाष्याच म्हणा ना. घरातल्या घरात ठेवलेला.

हात समोर

दुखणं आलं ते दबक्या पावलांनी. आधी जांघेत एक ठणका. मग खुर्चीतून उठताना आपोआप "आई गं". मग एक दिवस मोजा घालायला वाकल्या, तर पाय हाताला लागेचना. होता तिथेच, हातभर अंतरावर, पण नदीपलीकडे असावा तसा. तेव्हापासून त्या पायातला मोजा ड्रायव्हर घालू लागला. खाली बसायचा, टाच तळहातावर घ्यायचा आणि म्हणायचा, "चला, बस सुटायची वेळ झाली."

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. काळ्या आकाशात दोन चंद्र, दोन्ही कडांनी खरवडलेले.

"दोन्ही खुबे झिजलेत," डॉक्टर म्हणाले. "आधी एक बदलू, मग यथावकाश दुसरा. जास्त कुठला छळतो?"

त्यांनी टेबलावर निजवून दोन्ही पाय फिरवून बघितले होते आणि बाई दोन्हीकडे सारख्याच कळवळल्या होत्या. म्हणजे आता सगळं एका शब्दावर आलं होतं. बाईंना ते आधीच कळलं होतं. येताना वाटभर त्यांनी तो शब्द घोकला होता. आपला नाही, जगाचा. ज्या हाताने आपण लिहितो, त्या बाजूचा.

"उजवा," बाई म्हणाल्या. अगदी बरोबर.

"म्हणजे डावा," मागून ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या बाईंचं उलटं असतं, डॉक्टर. मोठी गंमत आहे."

त्याने गंमत सांगितली. साबणाच्या कारखान्यासकट. सगळे हसले, बाईही हसल्या. आपलं बोलणं कोणीतरी सरळ करून दिलं की नेहमी वाटायचं तसं हलकं त्यांना आताही वाटलं, आणि त्या हलकेपणात घोकलेला शब्द कुठे गळून पडला ते कळलंच नाही. हाताखालच्या तरुण डॉक्टरने कागदावर लिहिलं:

डावा

आणि घर उंच होऊ लागलं.

पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले. खुर्चीवर उशी, उशीवर उशी. संडासाच्या भांड्यावर उंच बैठक. सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, पाणी चढतंय आणि सामानसुमान आपोआप वर वर तरंगतंय. लेक फोनवरून बजावत होती, "आई, नंतर वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना पायांमध्ये उशी."

"म्हणजे मध्ये पोर झोपल्यासारखं."

"आई, मी गंभीरपणे सांगतेय."

"मीपण. तू अशीच झोपायचीस."

ड्रायव्हरने चौपायी वॉकर आणला आणि आधी स्वतःच चालवून बघितला. "ब्रेक नाहीत हिला," म्हणाला. मग दोघं रोज दुपारी खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सराव करत. बाई वॉकर धरून, तो मागे, एक हात कमरेजवळ, न टेकवता. त्या सरावात कुठला पाय दुखरा ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. पण ते पायांना ठाऊक होतं. शब्दाला कोणी विचारलंच नाही.

हात वर

ऑपरेशनच्या सकाळी एक गोळी दिली होती, मन शांत व्हायची. मन शांत झालं, आणि मग थोडं विरघळलं. खोलीच्या कडा मऊ झाल्या. पलंगाच्या पायथ्याशी, बाईंकडे तोंड करून, तरुण डॉक्टर येऊन उभा राहिला. हातात कागद आणि खूण करायचं पेन.

"काकू, आपण कुठला पाय करतोय? डावा, बरोबर ना?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो उभा होता ती जागा त्यांची होती. जन्मभर त्या तिथे उभ्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच रांगेत होत्या. समोर उभा राहणारा माणूस शब्द आपल्यासाठी बोलतो आणि पाय त्याचा दुसराच उचलतो. म्हणजे हा डावा म्हणतोय तर हा कोणाचा डावा? ह्याचा? माझा? की मी ह्याच्या जागी उभी असते तर माझ्या समोरच्याचा...

"हो," त्या म्हणाल्या. शहाण्या मुलीसारखं.

पेन मांडीला टेकलं. गार. बाण उमटू लागला आणि बाईंना गुदगुल्या झाल्या. त्यांना छान वाटलं. मग नवल वाटलं, छान कसं काय वाटतंय? बाण ज्या पायावर उमटत होता तो पाय गप्प होता. बोंबलत होता तो शेजारचा.

"थांबा," बाई म्हणाल्या. मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा आवाज अजून शाबूत होता. "हा नव्हे. शेजारचा."

तरुण डॉक्टर थांबला. "काकू, कागदावर डावा आहे."

"कागदाला खुबा नसतो."

मग सगळंच थांबलं. मोठे डॉक्टर आले, फोटो आला, कागद आले. जो तो बाईंना विचारी आणि बाई जितकं समजावून सांगत तितका गुंता वाढे. उजवा म्हणावं तर कुठला, डावा म्हणावं तर कोणाचा! शेवटी सिस्टरने बाहेरून ड्रायव्हरला बोलावून आणलं.

"काका, खुबा झिजला की हात पायापर्यंत पोचत नाही. घरी काकूंच्या कुठल्या पायात मोजा घालून देता?"

ड्रायव्हर खाली बसला. त्याचे हात न विचारता पुढे गेले आणि त्यांनी उजवी टाच तळहातावर घेतली. जगाची उजवी.

"ह्या," तो म्हणाला, आणि टाच धरूनच बसला. "डॉक्टर, त्या दिवशी ती बरोबर बोलली होती. उलटं मी केलं."

डॉक्टरांनी पुन्हा दोन्ही पाय तपासले, नवे कागद केले, सगळ्यांनी मोठ्याने वाचले. चुकीचा बाण स्पिरिटने पुसला. दुसरा काढला. तो दुखला, आणि बाईंना हायसं वाटलं.

विश्राम

पाठीत सुई गेली आणि पाय निघून गेले. दुखत नव्हते, नव्हतेच. दोन मुलं पाणी प्यायला म्हणून वर्गातून सुटावीत तसे.

पडद्यापलीकडे कोणीतरी ठोकत होतं. ठक. ठक. बाई अर्धवट झोपेत त्या ठोक्यांवर मैदानात शिरल्या. रांगा उभ्या होत्या. सगळ्या रांगा पायांच्याच, वर माणसं नव्हती. आणि तेही सगळे एकाच बाजूचे. बाईंनी हुकूम द्यायला तोंड उघडलं. एक दोन, एक दोन. पाय हलेनात. कुठलाच पाय आपण पहिला व्हायला तयार नव्हता. मग लांबून, रांगांच्या मागून, एखाद्या बसने वळण घ्यावं तसा ओळखीचा आवाज यायला हवा होता. "म्हणजे डावा." बाई वाट बघत राहिल्या. ठक. ठक. तो आलाच नाही.

जाग आली तेव्हा ड्रायव्हर शेजारी बसला होता. खुबा नवा होता, पायांमध्ये उशी होती, आणि मागून सरळ करून देणारा तो आवाज खरंच गेला होता.

जागच्या जागी

तसा तो बोलायचा. चहा घेतेस का, खिडकी लावू का, लेकीचा फोन होता. पण दिशा बोलायचा नाही. चष्मा कुठल्या फळीवर आहे विचारलं तर उठून आणून द्यायचा. "उजवीकडच्या ना?" बाई मुद्दाम विचारायच्या. तो मान हलवायचा. ना हो, ना नाही. शेजाऱ्याने बाजाराचा रस्ता विचारला तर म्हणाला, "दुसऱ्या कोणाला तरी विचारा." अख्खं शहर ज्याच्या हाताखालून गेलं त्या माणसाने!

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची.

"आजी म्हणू की काकू?"

"बाई म्हण."

"बाई, उजवा पाय बाजूला." आणि ती समोर उभी राहून स्वतःचा करून दाखवायची. बाईंचा डावा निघायचा.

"दुसरा उजवा, बाई."

बाई हसायच्या, मुलगी हसायची. ड्रायव्हर दारात उभा राहून बाईंच्या पायांकडे असं बघायचा की जणू कोणी बससमोर धावत आलंय आणि ब्रेक लागत नाहीयेत.

"झालं ना सगळं नीट?" बाई एकदा म्हणाल्या. "बाण पुसला. पाय बरोबर निघाला. आता पुरे करा की."

"तुला गुदगुल्या झाल्या नसत्या तर?"

"झाल्या ना पण."

"मी तुझ्या तोंडातलं खरं काढून खोटं घातलं. तेही हसत हसत." तो उठला. "आता तुझं तू बोल. मी मध्ये नाही."

बाईंचा खुबा दिवसेंदिवस मुरत गेला. वॉकर गेला, काठी आली. जांघेतला ठणका कधी गेला ते त्यांना आठवेना. पण दुपारी पडल्या पडल्या त्यांना वाटायचं, डॉक्टरांनी आतून हाड काढलं त्याच्याबरोबर आणखी काहीतरी काढून नेलंय. आपण बोलतो ते जसंच्या तसं जाऊन भिंतीला लागतं. मध्ये कोणी झेलत नाही. एवढं सरळ बोलणं त्यांना सोसवत नव्हतं.

पुढे

मुलीने जिना शिकवला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. ती असेपर्यंत जमलं. तिचं येणं संपलं, आणि त्यानंतर एका दुपारी बाईंनी ठरवलं, आज आपलं आपण खाली उतरायचं आणि रस्त्यावर जायचं.

ड्रायव्हर एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात पुढे. गप्प.

बाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने काठी खाली टेकवली. आणि जिना विरघळला. समोर माणूस उभा, तोंड आपल्याकडे. त्याचा हा हात म्हणजे आपला तो. मुलगी म्हणाली होती उजवा. तिचा उजवा? पाय दोन्ही एकमेकांकडे बघत राहिले. तू जा. नाही, तू. काठी खाली, बाई वर, आणि मधल्या हवेत शरीर हळूहळू पुढे झुकू लागलं. नव्या खुब्याने पडायचं नसतं. एवढं एकच सगळ्यांनी सांगितलं होतं.

"अहो, कुठला?"

तो ओठ आवळून उभा.

"बोला ना!"

"मी बोललो की चुकतं."

"चुकलं तर चुकलं, मी आहे ना सांगायला! मागे सांगितलं नव्हतं? पण बोला. मला एकटीला नाही येत हे!"

त्याची नजर बाईंच्या डोळ्यांवरून खाली आली. एका पायावर, मग दुसऱ्यावर. उजवा, डावा, तुझा, जगाचा, सगळं त्याच्या चेहऱ्यावर दाटलं आणि वाहून गेलं.

"नवा!" तो ओरडला. "नवा आधी!"

नवा पाय खाली उतरला. निमूट, आपलं नाव ऐकलेल्या मुलासारखा.

"आता जुना."

जुना त्याच्या शेजारी येऊन टेकला. बाईंनी श्वास सोडला. ड्रायव्हर उलटा एक पायरी उतरला.

"नवा," तो म्हणाला. "जुना. नवा. हळू, घाई कुठे आहे, बस काय सुटतेय? जुना." आवाज मोकळा होत गेला. खालच्या मजल्यापर्यंत तो बोलतच होता, महिन्यांचं साचलेलं, आणि त्यात एकही शब्द उलटा करावा लागत नव्हता.

शेवटच्या पायरीशी मात्र तो एकदम थांबला. कपाळाला आठी.

"पण बाई, दुसराही बदलायचाय. दोन्ही नवे झाल्यावर काय म्हणायचं?"

बाईंनी विचार केला. ऊन दारातून आत आलं होतं आणि जमीन किंचित हलल्यासारखी दिसत होती, पण पायांखाली पक्की होती.

"थोरला आणि धाकटा," त्या म्हणाल्या.

"थोरला कुठला?"

"आधी आला तो. आत्ताचा नवा."

"म्हणजे आत्ताचा जुना तो धाकटा? म्हणजे जुना असताना तो थोरला होता, आणि नवा झाला की..."

ड्रायव्हर बोटांवर हिशोब लावत जिन्यापाशी उभा राहिला, आणि तोवर बाई काठी टेकत फाटकाबाहेर पडल्याही होत्या.