चुकांचं वेळापत्रक

माझ्या वर्गातली ती दहा मिनिटं कुणाच्या नजरेस पडली नसती तर बरं झालं असतं. पण आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, एकदा मागच्या बाकावर येऊन बसल्या. आणि मोठ्या बाईंना आवडलेली गोष्ट वर्गात राहत नाही, ती परिपत्रकात जाते.

रीत साधी होती. सकाळी गणिताचा तास सुरू व्हायच्या आधी, काल ज्याचं उदाहरण चुकलं असेल आणि ज्याला वाटेल त्यानं ते तसंच्या तसं फळ्यावर लिहायचं. कुणी नावं ठेवायची नाहीत. लिहिताना त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, ते बाकीच्यांनी शोधायचं. काही दिवस कुणीच उठायचं नाही. मग आम्ही निमूट पुस्तक काढायचो.

त्या वर्षी माझ्या पाचवीत एक मुलगी होती, तिला सगळे खोडरबर म्हणायचे. उत्तर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. कागद इतका झिजायचा, की वही तपासताना माझं बोट त्यातून पलीकडच्या पानावर निघायचं. चार महिने तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. पाचव्या महिन्यात एक दिवस आपणहून उठली, ४०३ वजा १५७ बरोबर ३५४ असं लिहिलं आणि बाजूला उभी राहिली. पोरांनी पाच मिनिटांत पकडलं. हिनं प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला होता.

"असं का केलंस पण?" एकानं विचारलं.

"बाईंनीच सांगितलंय, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचा."

खरंच सांगितलं होतं. वर्ग हसला, मी हसले, आणि तीही हसली. बावीस वर्षांच्या नोकरीत असे दिवस बोटांवर मोजण्याइतके आले. त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा तरी उठायला लागली.

मोठ्या बाईंनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "बाई, हे एका वर्गापुरतं ठेवणं म्हणजे बाकीच्या मुलांवर अन्याय आहे. सगळ्या शाळेत नेऊ. तुम्ही फक्त मार्गदर्शन करा." मी चढले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे भाजी निवडता निवडता म्हणाले, "धड चाललेली गोष्ट शाळेला दाखवलीस. आता निस्तर."

परिपत्रक निघालं. रोज, प्रत्येक वर्गात, प्रत्येक विषयाच्या तासाला किमान एक चूक. नोंदवहीत तारीख, हजेरी क्रमांक, चुकीचा प्रकार आणि शिक्षकाची सही. इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. एखाद्या दिवशी चूक आलीच नाही तर काय करायचं, असं मी विचारलं. "रकाना मोकळा दिसायला नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग विज्ञानाच्या सरांनी वेळापत्रक लावलं. सोमवारी हजेरी क्रमांक एक ते चार, मंगळवारी पाच ते आठ. आठवड्याभरात सगळ्या वर्गांनी ते उतरवून घेतलं. मी भांडायला गेले तर सर वह्यांच्या गठ्ठ्यावरून मान वर न करता म्हणाले, "तुमच्या पोरांना चुकायची हौस आहे. आमच्यांना नेमून द्यावं लागतं." त्यांचे दिवसाला सात तास होते आणि घसा बसलेला होता. दमलेल्या माणसाशी दमलेलं माणूस किती भांडणार? मी चहा पिऊन परत आले.

मुलं घरून चुका पाठ करून आणायला लागली. फाटकापाशी एका आईनं मला अडवलं. "बाई, उद्या ह्याचा नंबर आहे. एखादी सोपीशी चूक द्या की." मी हसले आणि दिली. दिली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

खोडरबरचा नंबर विज्ञानाला आला. तिनं बिचारीनं आपली खरी चूक नेली. सरांनी ती फार साधी म्हणून परत पाठवली आणि उद्या जरा चांगली चूक आण म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी गणिताची वही तपासताना माझं बोट पुन्हा पानातून आरपार गेलं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्यांना आवडलं तर ही रीत आसपासच्या सगळ्या शाळांत जाणार होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमची कुणीतरी चुणचुणीत पोर उभी करा." मला तीच दाखवायची होती. चार महिने मुकी असलेली पोर माझ्या वर्गात बोलती झाली, हे कुणीतरी बघावं असं मला वाटत होतं. आपण होऊन उठेल याची खात्री राहिली नव्हती, म्हणून गुरुवारी मी तिला चूक लिहून दिली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश. तिनं मान हलवली आणि कागद घडी करून घेतला.

शुक्रवारी साहेब मागं बसले. ती फळ्याशी गेली, अपूर्णांक लिहिले, खडू थांबला. मग तिनं छेद समान केले आणि पाच षष्ठांश लिहिलं. अचूक. ती फळ्याकडे बघत राहिली.

"बाई, मी चूक विसरले," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बरोबर उत्तर लिहून रडणारं पोर मी आजवर पाहिलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि साहेबांना सांगितलं, "ही चूक काल मीच तिला पाठ करायला दिली होती. शाळाभर हेच चाललंय. हिचं काही चुकलं नाही, माझं चुकलं." मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. साहेबांनी मात्र मान डोलावून वहीत काहीतरी टिपलं.

सोमवारी नवं परिपत्रक आलं. साहेब माझ्या कबुलीनं प्रभावित झाले होते. नोंदवहीत एक रकाना वाढला होता, आठवड्यातून एकदा शिक्षकाची चूक. आसपासच्या शाळांनाही तेच गेलं. मी त्या दिवसापासून माझ्या वर्गात ती दहा मिनिटं बंद केली. नोंदवहीत रोज खोट्या चुका मी स्वतःच भरते. शाळेत सगळीकडे माझी रीत चालते, फक्त माझ्याकडे नाही.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत खोडरबर आली. आत आली, मागं वळून दार लावून घेतलं, कडी नीट बसली का ते बघितलं. मग वही माझ्यापुढं ठेवली आणि उदाहरण तळहातानं झाकलं.

"नोंदवहीत लिहिणार नाही ना बाई?"

"नाही."

"वर्गात सांगणार नाही ना?"

"नाही गं."

तिनं हात काढला. चूक खरी होती, छान होती, चाळीस पोरांना अर्धा तास पुरली असती. आम्ही दोघी डोकं जवळ आणून कुजबुजत ती सोडवत बसलो. बाहेर पावलं वाजली की ती हात परत ठेवायची. हे मी तिला शिकवलं होतं.