रविवारचा घोट

वच्छलाबाईंनी नवऱ्याला वर्षभर दारूच्या बाटलीतून काळा चहा पाजला आणि त्यांना पत्ताही लागू दिला नाही. निदान त्यांचा स्वतःचा तरी तसा पक्का समज होता. मधुकरराव हयात होते तोवर नंदनवन कॉलनीतल्या भिशीत ही गोष्ट सांगताना त्यांना भारी चेव यायचा. "अमेरिकेची म्हणून पिऊन राहिले, अन् वर वा वा करून राहिले! मी पदर तोंडात कोंबून हसत होती बाप्पा!" बायकाही पोट धरून हसायच्या.

मधुकरराव सिंचन खात्यात नकाशे काढायचे. नाकासमोर चालणारा माणूस, पण जीभ मात्र राजाची. संत्र्याची फोड तोंडात ठेवून डोळे मिटायचे आणि हे काटोलकडचं की दुसरीकडचं, ते सांगायचे. वरणात हिंग कमी पडला तर बोलायचे नाहीत, पण घास जरा हळू चावायचे, आणि ते बरोबर वच्छलाबाईंना झोंबायचं. "खा ना गुमान!" असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. घरात त्यांच्याकडे काम असं एकच होतं. गहू चक्कीवर न्यायचे आणि पीठ आणून डब्यात भरायचं. एरवी स्वयंपाकघर बाईंचं, आणि राज्यही बाईंचं.

मग त्यांच्या छातीत कळ आली, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले, "दारू शक्यतो नकोच." त्यातला 'शक्यतो' वच्छलाबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिला.

त्याच दिवाळीला लेक कामिनी आणि जावई अमेरिकेहून आले. जावयानं सासऱ्यांसाठी एक बाटली आणली होती. बर्बन म्हणजे मक्याची दारू. आतून जाळलेल्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. ही तर वर्षातून एकदाच निघणारी, मोजक्याच बाटल्यांची. पिंपातून काढली तशीच भरलेली, पाण्याचा थेंबही न घालता.

"म्हणजे पहिल्या धारेचीच म्हणा ना," मधुकरराव खुलले.

जावयानं बूच काढून स्वतःपुरती ओतली आणि ग्लास त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी डोळे मिटले. "गूळ करपला आहे थोडासा... मग संत्र्याची साल. अन् जुनं सागवानी कपाट उघडलं की येते ना, तो वास."

"घ्या ना बाबा, एक घोट."

तेवढ्यात वच्छलाबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. जावयानं ग्लास मागे घेतला.

"आता नको," मधुकरराव म्हणाले. "नत्थू आला म्हणजे त्याच्यासोबत घेईन. अन् वच्छला हो म्हणंल तेव्हा."

पाहुणे गेले, बाटली शोकेसमध्ये राहिली, आणि बाईंची झोप उडाली. शेवटी एके दुपारी मधुकरराव केस कापायला गेलेले पाहून त्यांनी बाटली काढली. मोरीत ओतायला गेल्या, पण हात धजेना. जावयानं पहाटेपासून रांगेत उभं राहून मिळवलेली वस्तू! मग खसच्या शरबताची रिकामी बाटली धुऊन कोरडी केली, त्यात सगळी ओतली आणि पिठाच्या मोठ्या डब्यामागे सरकवून दिली. इकडे काळा चहा उकळला, गाळला, थंड केला, खिडकीशी धरून रंग जमेपर्यंत पाणी घातलं आणि मूळ बाटलीत भरला. रंग असा जुळला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढे नत्थूजी कन्हानहून आले. मधुकररावांचे खात्यातले जुने सोबती, घरच्यासारखेच. संध्याकाळी मधुकरराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "वच्छला, आज एकच घोट घेऊ काय वं?"

"घ्या ना," बाई म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मधुकररावांना आधी खरंच वाटेना. मग त्यांचा चेहरा असा फुलला की बाईंना क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच.

त्या पडद्याआडून पाहत राहिल्या. मधुकररावांनी घोट घेतला. तोंडातच धरला. ग्लासाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. नत्थूजींनी घोट घेतला आणि म्हणाले, "अबे मधुकर, हे तं..." आणि एकदम ठसका लागून खोकायला लागले.

"कडक आहे ना? हळू घे," मधुकरराव म्हणाले. आणि मग सुरू झाले: करपलेला गूळ, संत्र्याची साल, जुनं कपाट. बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांचा एक घोट ठरलेला. चहा आंबू नये म्हणून बाई दर शनिवारी गुपचूप ताजा भरायच्या. बाटली काही संपेना, आणि त्याचं मधुकररावांना कधी नवल वाटलं नाही. भोळाच माणूस, असं बाई म्हणायच्या. घोट घेताना ते हाक मारायचे, "वच्छला, ये ना, बस जराशी." बाई आतूनच म्हणायच्या, "मले कामं आहेत." ते मग दाराकडे पाहत पाहत ग्लास संपवायचे.

मागच्या हिवाळ्यात मधुकरराव गेले. एवढं जपून, एवढं राखून, झोपेतच गेले. लोक समजूत घालून गेले. बाईंनी मात्र स्वतःची समजूत एका गोष्टीवर घातली होती: माणसाची हौस तर पुरी झाली. फसले, पण खुशीत फसले. घशाखाली घास उतरेना त्या दिवसांत त्यांना त्याच एका विचाराचा आधार होता.

परवा नत्थूजी भेटायला आले. बाईंनी पिठाच्या डब्यामागे हात घालून ती शरबताची बाटली काढली. गळ्यापर्यंत भरलेली, भरून ठेवली होती तशीच. "भाऊजी, हे तुम्ही घेऊन जा. जावयानं आणलेली, खरी वाली."

नत्थूजींनी काही विचारलं नाही. याचंच खरं तर बाईंना नवल वाटायला हवं होतं. त्यांनी बूच काढलं आणि वास घेतला. मग दोन छोट्या ग्लासांत थोडी थोडी ओतली. "वहिनी, थेंबभर तुमी बी घ्या. मधुकरच्या नावानं."

"इश्श! मी?"

पण मनात आलं, वर्षभर हा माणूस ज्याचं एवढं कौतुक करत होता ते आहे तरी काय? त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी घोट घेतला.

माय वं! ओठ पेटले, जीभ पेटली, घशातून निखारा खाली गेला. डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग हळूहळू आग निवली आणि मागून गोडवा आला. करपलेला गूळ. त्यामागून संत्र्याची साल. आणि सगळ्यात शेवटी, श्वास सोडताना, जुनं सागवानी कपाट. सांगितलं होतं तस्संच, त्याच क्रमानं.

आणि वच्छलाबाईंनी ग्लास खाली ठेवला. कुठे ही आग आणि कुठे तो पाणचट चहा! शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि हा माणूस तर फोडीवरून संत्र्याचं गाव सांगायचा.

"भाऊजी, खरं सांगा. त्यांना कळलं होतं ना?"

नत्थूजींनी मान खाली घातली. "पहिल्याच घोटाले, वहिनी. मी बोलाले गेलो तं माह्या पायावर पाय देल्ला त्यानं."

"मग मले एका शब्दानं बोलले काहून नाही?"

"मी म्हटलं ना त्याले त्या दिवशी निघताना फाटकापाशी, विचार गा वहिनीले. तं म्हणे, तिचं तोंड पडंल. भ्याली आहे म्हणे ते, माह्यासाठी भ्याली आहे."

"मग दर रविवारी..."

"त्याले वाटे, एखाद्या रविवारी तुमी आपल्या हातानं खरी आणून द्याल. अन् बसाल जराशा."

बाईंना पुढचं विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून निघालंच. "पण त्यांना वाटलं असंल ना, मी फेकून दिली म्हणून?"

"नाही जी. डब्यात पीठ कोण भरे? पहिल्याच दळणाले दिसली त्याले. मी म्हटलं, घे ना मग अर्धा घोट, कोणाले समजते? तं माह्यावरच चिडला. चोरून काहून घेऊ म्हणे. वच्छला देईल तेव्हा घेईन."

खुर्चीतून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसत होतं. दारातून ओटा दिसत होता, आणि ओट्याखालचा पिठाचा डबा. रविवारी त्या तिथंच उभ्या असायच्या, त्या डब्याला पाय लागेल एवढ्या जवळ, पडद्याआडून हसत. डब्यामागे हात घालायचा तेवढाच उशीर होता.

"एकच घोट मागितला होता हो त्यांनी," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.