आभाळातल्या बाहुल्याचा जनाजा

या, असे शेगडीजवळ सरका. चहाचा वाडगा हातात राहू द्या आणि ऐका. गोष्ट सुडाची आहे, पण सांगताना देवाचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही.

बर्फ वितळत होता. बातिमा हरवलेली सांडणी शोधत चिखल तुडवत माळावर आली, तर समोर घराएवढा लोखंडी गोळा पडलेला. तव्याच्या पाठीसारखा काळा, अजून ऊन. थोड्या अंतरावर हवाई छत्रीच्या दोऱ्यांत गुरफटलेला नारिंगी पोशाखातला माणूस.

"अल्ला!" म्हणत ती धावली. वस्तीतल्या बायाबापड्यांच्या मयताला न्हाऊ घालणारी ती बाई. मरण काय ते तिच्या हातांना कळे. तिनं शिरस्त्राणाची काच वर केली, गालाला हात लावला. रबर! डोळे रंगवलेले. खरा माणूस वर पाठवण्याआधी सरकारनं बाहुला पाठवून पाहिला होता.

बातिमाला आधी हसू आलं. मग मुकाताय आठवला, आणि हसू ओठांवरच विझलं.

मुकाताय वस्तीचा चेअरमन. बातिमाचा नवरा सेरगाझी दोम्ब्राच्या दोन तारा छेडून पैगंबरांच्या कथा गायचा, तेव्हा दगडासारखे मेंढपाळ डोळे पुसायचे. अशाच एका मेंढपाळाच्या कबरीपाशी त्यानं जनाज्याची नमाज पढवली; नमाजेवर तेव्हा पक्षाची बंदी होती. आदल्याच रात्री सेरगाझीच्या घरी परातीतलं मटण खाल्लेल्या मुकातायनं वर चुगली केली. गाडी आली, सेरगाझीला घेऊन गेली. दूरच्या कैद्यांच्या छावणीतच तो वारला, आणि ज्यानं इतरांना नमाजेनं निरोप दिला, त्याला मात्र कुणीतरी नमाजेविनाच मातीत लोटलं. तेव्हापासून बातिमाच्या पोटात निखारा होता. रोज ती त्यावर राख सारायची, विझू मात्र द्यायची नाही.

क्षितिजावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. बातिमानं काच खाली ओढली, वर चिखल फासला आणि वस्तीकडे पळाली.

"मयत आहे! आभाळातून पडलाय बिचारा!"

सगळी वस्ती लोटली. मुकाताय घाम पुसत आला.

"कुणी हात लावू नका. सरकारी काम आहे."

"सरकार येईस्तोवर कोल्हे येतील," बायसाल अता, म्हणजे वस्तीचे बायसाल आजोबा, म्हणाले. "नमाज पढव. तुझा बाप मुल्ला होता, तुला सगळं येतं. दुसरा ज्याला येत होतं, तो कुठाय ते आम्हाला विचारू नकोस."

"अता, मी पक्षाचा माणूस!"

"तुझ्या हद्दीत वैमानिक कोल्ह्यांनी फाडला, तर तोच पक्ष तुझी कातडी सोलेल."

मुकातायनं नारिंगी पोशाखाकडे बोट केलं. "मुसलमान कशावरून?"

"चेहरा पाहिला मी," बातिमा म्हणाली. "आपल्याच मातीतला." खोटं बोलली ती. देवानं माफ केलं असेल.

"मग आधी न्हाऊ घालायला हवं. पोशाख काढा."

"कर्तव्यावर मेला, भाऊजी. शहिदाला न्हाऊ घालत नाहीत. वडिलांनी शिकवलं नाही का?"

पळवाट उरली नाही. पुरुष रांगेत उभे राहिले, बाया मागे. मुकाताय पुढे झाला. आमच्याकडे नमाजेआधी मयताचं नाव घेऊन जमलेल्यांना विचारतात, माणूस कसा होता. त्यानं चाचरत म्हटलं, "नाव तरी सांगा कुणी."

"सेरगाझी," मागून बातिमाचा आवाज आला. "तोलेबायचा मुलगा सेरगाझी."

वाऱ्यानं छत्रीचं कापड तेवढं फडफडलं. मुकातायचा चेहरा राखेसारखा झाला.

"वहिनी..."

"विचारा, भाऊजी. लोक थांबलेत."

"तोलेबायचा मुलगा... सेरगाझी... माणूस कसा होता?"

बायसाल अतांना सगळं उमगलं. त्यांनी टोपी नीट केली. "चांगला होता!"

"चांगला होता!" सगळी वस्ती गरजली. आणि ज्या जिभेनं चुगली केली होती, त्याच जिभेनं त्याची नमाज पढवली. बातिमानं पदर दातांत धरला, पण डोळे कोरडे ठेवले.

दुआसाठी हात वर उचललेले, तेवढ्यात हेलिकॉप्टर उतरलं. अधिकाऱ्यानं काच उघडली, रंगवलेले डोळे दाखवले. शिपाई पोट धरून हसले.

"कॉम्रेड चेअरमन," अधिकारी म्हणाला, "पक्षानं तुम्हाला बाहुल्यांचा मुल्ला कधी नेमलं?"

गोळा नि बाहुला घेऊन ते गेले. पुढे खरा माणूस आभाळात जाऊन आला, जगानं टाळ्या वाजवल्या. मुकाताय मात्र त्याच संध्याकाळी बातिमाच्या दारात आला. टोपी हातात.

"वहिनी, वर कळवणार आहात का?"

"मी कशाला? वस्तीभर तोंडं आहेत, शिवाय तो अधिकारी. कोण कळवेल सांगता येत नाही. आमच्या ह्यांना तरी आधी कुठं कळलं होतं?" तिनं परात पुढे सरकवली. "बसा. मटण खाऊन जा."

त्याच्या हातून घास उचलला गेला नाही. त्यानंतर माळावर कुठल्याही गाडीची धूळ दिसली, की तो दारामागे जाऊन उभा राही. मरेपर्यंत. गाडी कधी आलीच नाही.

गोळा पडला तिथं अजून खळगा आहे. लोक त्याला सेरगाझीची कबर म्हणतात. आत कुणीच नाही. तरी कधी त्या वाटेनं गेलात, तर क्षणभर थांबा, त्याची आठवण काढा. आणि माणूस कसा होता असं कुणी विचारलं, तर म्हणा, चांगला होता.