शब्दावर दिलेली बंदूक

मी एक जुनी शिकारी बंदूक आहे. मित्रांनो, दचकू नका. माझ्यात आता एकही काडतूस नाही, आणि माझी गोष्टही शिकारीची नाही.

मी घडले तेव्हा साध्या बंदुकांवर नंबर कोरायची सक्ती नव्हती. त्यामुळे माझ्या अंगावर ना नाव, ना नंबर. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात राहणाऱ्या डॉर्सी रॅटलिफने मला तरुणपणी घेतलं. हरणाच्या शिकारीहून आला की तो आधी मला तेल देई, मग जेवायला बसे. "सवतीचे लाड झाले असतील तर या आता," असं त्याची बायको म्हणे. मला मोठा अभिमान वाटे.

पुढे बायको गेली, डॉर्सीचे गुडघेही गेले. शेजारी व्हर्लिन टॅकेट राहायचा. खाण बंद पडल्यापासून तो घरी बसला होता. हिवाळ्यात पोरांच्या ताटात मांस पडावं म्हणून त्याला बंदूक हवी होती, आणि डॉर्सीला हवी होती सोबत. व्हर्लिनने आपली शिकारी कुत्री दिली, डॉर्सीने मला दिलं. आमच्याकडे असे सौदे ओसरीवरच होतात.

"काका, दोन ओळी लिहून ठेवायच्या का?" व्हर्लिनने विचारलं.

डॉर्सीचा चेहरा उतरला. "का रे? माझ्या शब्दाला वाळवी लागलीय?"

व्हर्लिन ओशाळला. दोघांनी हात मिळवले आणि मी टॅकेटांची झाले.

काही हिवाळे मी ते घर जगवलं. मग डॉर्सी विसरू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग बायको वारली हेही. एके सकाळी भिंतीवरची माझी रिकामी जागा पाहून त्याने पोलिसांत चोरीची तक्रार केली.

शेरीफचा माणूस व्हर्लिनकडे आला. "कागद आहे?"

"नाही. काकांनाच विचारा ना."

"विचारूनच आलोय. शपथेवर सांगतात, विकली नाही."

"आणि माझी कुत्री?"

"ती म्हणे त्यांच्याच घरी जन्मली. उद्या येतो बंदूक न्यायला."

डॉर्सी खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. जन्मात खोटं न बोललेल्या माणसावर गावाने विश्वास ठेवला. सौद्याला साक्षीदार मी होते, पण माझं तोंड एकाच कामासाठी उघडतं.

"कोर्टात जा," व्हर्लिनची बायको ओपल म्हणाली. "म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल."

"सांगेल गं. मग नोरीन बापाला उचलून वृद्धाश्रमात टाकेल. टपूनच बसलीय ती पोरगी."

"आणि आपली पोरं चोराची म्हणवून घेऊ देत?"

व्हर्लिन कोर्टात गेला नाही. मी डॉर्सीच्या भिंतीवर परत आले. चर्चमध्ये व्हर्लिनशेजारचा बाक रिकामा राहू लागला, असं डॉर्सीकडे येणारे लोक सांगत. डॉर्सी मान हलवून म्हणे, "पोरगा चांगला होता हो. कसा बिघडला कुणास ठाऊक." ते ऐकून माझा जीव तुटे.

व्हर्लिनने एवढं सोसूनही वसंतात नोरीनने बापाला वृद्धाश्रमात ठेवलंच. घरातल्या वस्तू तिने विकायला काढल्या. मला घ्यायला आलेला अनोळखी माणूस सावध होता. त्याने लिखापढी मागितली, आणि नोरीनने ओट्यावर वाकून लिहून दिलं: 'ही बंदूक माझ्या वडिलांची. चोरीला गेली होती, पोलिसांनी परत मिळवून दिली.' खाली सही केली.

मित्रांनो, देताघेताना भीड सोडा, लिहून घ्या. समोरचा रुसेल, त्याला रुसू द्या. त्याची आठवण शाबूत आहे तोवरच लिहून घ्या. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याविषयी एकच कागद झाला, आणि त्यात व्हर्लिन चोर आहे.