शेवटून दुसरी चौकट

टर्पेंटाइनचा वास.

खालच्या गॅरेजात कुणीतरी स्कूटरला किक मारत आहे. ती चालू होत नाही.

एक चष्मेवाला, हसत.

खडू. छडी. छडीचे टोक. पुन्हा छडीचे टोक.

बाईच्या हातावर कोपरापर्यंत वाळलेला करडा रंग.

फोन वाजतो आणि कुणी उठत नाही.

मित्रांनो, माझे असेच होते. सांगायला लागलो की सगळे एकदम समोर येते आणि क्रम लागत नाही. फार वेळा गुंडाळले गेले की नीट उलगडता येत नाही. मी एक जुना कापडी तक्ता आहे. खोलीच्या एका भिंतीएवढा लांब, वर-खाली लाकडी दांडे, पाठीला ठिगळ. जगाच्या आरंभापासून अंतापर्यंतचा सगळा काळ माझ्यावर रंगवलेला आहे. एवढा काळ अंगावर वागवायचा म्हणजे दमायला होतेच.

मला रंगवले मास्तरांच्या बायकोने. मास्तर दिवसा शाळेत भूगोल शिकवत. रविवारी संध्याकाळी ते गॅरेजच्या वरच्या खोलीत आपल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला बायबलमधली भाकिते समजावून सांगत. त्याच खोलीच्या मागे, एक दार ओलांडले की, त्यांचे घर. भूगोलाच्या माणसाला नकाशाशिवाय चैन पडत नाही. भविष्यकाळाचाही एक नकाशा असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. बायको दुकानांच्या पाट्या रंगवायची, तिला सगळे पेंटरबाई म्हणत. तिने तंबूचे जाड कापड आणले, त्याला सरस आणि खडूच्या पुडीचा हात दिला. मास्तरांनी पेन्सिलीने चौकटी आखल्या. मग पाट्यांच्या कामातून वेळ काढून तिने मला भरून टाकले. बाग, जहाज, डोंगर, क्रूस, मंडळी, आणि त्यापुढचे, जे अजून घडलेले नाही ते.

शेवटची चौकट नव्या आकाशाची. तिला निळा रंग जरा कमीच पडला. शेवटून दुसरी चौकट हे माझे दुखणे.

त्या चौकटीत इस्राएल लोक, म्हणजे यहुदी, आहेत. मास्तर शिकवत ते असे. जखऱ्या संदेष्ट्याने सांगून ठेवले आहे की एक दिवस हे सगळे राष्ट्र, ज्याला आपण भोसकले त्याच्याकडे, म्हणजे ख्रिस्ताकडे, पाहील आणि एकुलता एक मुलगा गेल्यासारखा शोक करील. एकेक घराणे वेगळे बसून रडेल, आणि बायकाही वेगळ्या बसून रडतील. मग प्रेषित पौलाने म्हटले तसे सगळ्या इस्राएलाचे तारण होईल. हा पश्चात्ताप झाल्याशिवाय पुढचे देवाचे राज्य नाही. म्हणून मास्तर छडी तिथे टेकवत आणि म्हणत, "सगळं इथं अडलंय."

पेंटरबाईने एका बाजूला लांब कोटातले पुरुष काढले, दुसऱ्या बाजूला बायका, सगळे पाठमोरे. रंगवता रंगवता तिने विचारले होते की शोकात नवरा-बायको वेगळे का. मास्तर म्हणाले, खरे दुःख एकट्याने करायचे असते, दुसऱ्याच्या देखत केले की त्यात नाटक शिरते. ती "बरं" म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली. चेहरे का काढले नाहीत, असे कुणी विचारले तर ती सांगायची, "चेहऱ्याचे वेगळे पैसे पडतात."

तेव्हा माझे दिवस चांगले होते. लांबून लोक मला बघायला येत. दुसऱ्या मंडळ्या मला उसना नेत आणि परत करताना तोंडभर कौतुक करत. वर्ग संपला की मास्तर मला स्वतः गुंडाळत, रंग बाहेरच्या अंगाला ठेवून, तान्ह्या मुलाला कपड्यात गुंडाळावे इतक्या जपून.

एकदा चौकातला चष्मेवाला मास्तरांचा नवा चष्मा घेऊन वर आला. तो यहुदी होता. त्या खोलीत त्या लोकांविषयी इतकी वर्षे बोलणे झाले, पण त्यांच्यातला जिवंत माणूस माझ्यासमोर उभा राहिला तो हा एकच. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आम्ही यात कुठे?"

मास्तरांनी जरा अवघडून दाखवले.

"रडतोय होय. मास्तर, त्यासाठी एवढ्या लांब भविष्यात कशाला जाताय?"

तो हसला. मास्तरही हसले. चष्म्याची काडी सैल होती, ती त्याने उभ्याउभ्या आवळून दिली आणि तो जिना उतरून गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझेच वजन जाणवले.

.

आता मुलाचे सांगतो. एकच मुलगा. तो याच खोलीत वाढला, बाकाखाली झोपून, माझ्यावरच्या चौकटी मोजून. मोठा झाल्यावर वाचू लागला आणि वडिलांशी वाद घालू लागला. त्याचे म्हणणे, सगळे ख्रिस्ती काही असे मानत नाहीत. कुणी म्हणतात, ती वचने मंडळीत पूर्ण झाली; विश्वास ठेवील तो इस्राएल, मग तो कुठल्या का वंशाचा असेना. कुणी म्हणतात, दर पिढीत थोडे थोडे वळतात आणि तेवढ्यांची बेरीज म्हणजेच सगळा इस्राएल. आणि काहीही मानले तरी भोसकणाऱ्यांत आपणही आहोत, हे तो पुन्हा पुन्हा म्हणायचा.

मास्तर वचनाला वचन लावून उत्तर देत. देवाने एका राष्ट्राला दिलेला शब्द उचलून दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही, असे ते सांगत. देव तिथे फिरला असे म्हटले, तर आपल्याला दिलेल्या शब्दाची तरी खात्री काय? ही त्यांची खरी काळजी होती, उगाच हट्ट नव्हता. मी दोघांचेही ऐकत लटकत असायचो. मला दोघांचेही पटायचे. तक्त्याला मत नसते, त्याला फक्त खिळा असतो.

एका रविवारी खोली भरलेली असताना मुलाने पुढे येऊन छडी उचलली आणि त्या चौकटीवर ठेवली. म्हणाला, "बाबा, इथं एक पाठमोरा कोट तुमचाही काढायला सांगा आईला."

लोक हसले. ते हसले नसते तर कदाचित निभावले असते.

मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "छडी खाली ठेव. डोकं ठिकाणावर येईल तेव्हाच या खोलीत पाय टाक."

मुलाने छडी खाली ठेवली. पुढच्या महिन्यात दूरच्या शहरात नोकरी धरून तो गेला. तो आईला फोन करायचा. पण मास्तर घरात असले की मागच्या खोलीतला फोन नुसता वाजत राहायचा. ते उचलायचे नाहीत, आणि ते समोर असताना तिचाही हात पुढे जायचा नाही. तिने एकदा विषय काढला तर ते म्हणाले, आधी त्याने मागे वळावे, मग मी आहेच.

तो वळायच्या आधीच गेला. साधा ताप म्हणून इस्पितळात दाखल झाला आणि तिथेच संपला. दोघे जाऊन त्याला माती देऊन आली.

आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मास्तरांनी वर्ग घेतला. एकुलत्या एका मुलाचे ते वचन त्यांनी वाचले आणि त्यांचा आवाज तसूभर हलला नाही. लोक जिन्यात म्हणत होते, विश्वास असावा तर असा. घरी ती स्वयंपाकघरात बसे, ते माझ्यासमोर बाकावर. एकदा दुपारी ती येऊन त्यांच्याच बाकाच्या टोकाशी टेकली. मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "लिहिलंय ना, वेगवेगळे."

ती उठून आत गेली. पुढे कित्येक वर्षे ती या खोलीत बसली नाही.

माझे हाल तेव्हापासून. छडी सारखी त्याच चौकटीवर पडू लागली, आणि जोरात. आधी रंग तडकला, मग पोपडे निघाले, मग कापड विरले आणि एके दिवशी भोक पडले. कुणाच्या लक्षातही आले नाही. मास्तर आता मला गुंडाळत नसत. मी ओल आलेल्या भिंतीवर तसाच लटकलेला असायचो. खालून गॅरेजचा धूर यायचा आणि बागेपासून नव्या आकाशापर्यंत सगळीकडे सारखाच बसायचा. उसना न्यायला कुणी येत नव्हते. मंडळीही ओसरली. तरुण माणसे दुसरीकडे जाऊ लागली. उरली ती म्हातारी, जिना चढायची सवय झालेली.

.

त्यांच्यात गॅरेजवाल्याची आई होती. ती बहुतेक गुडघ्यांना व्यायाम म्हणून वर येई आणि वर्गभर डुलक्या काढी. त्या संध्याकाळी मात्र ती जागी होती. तिने विचारले, "मास्तर, एक सांगा. त्या लोकांनी नेमकं काय बघून रडायचं?"

प्रश्न सोपा होता. मास्तरांनी तो हजारदा सोडवलेला. "ज्याला आपणच भोसकलं, त्याला बघून," ते म्हणाले आणि सवयीने त्यांनी छडी टेकवली. ती माझ्या भोकातून आत गेली आणि मागच्या भिंतीवर आपटली.

छडी तशीच धरून ते उभे राहिले. म्हणाले, "ज्याला आपणच." थोड्या वेळाने पुन्हा, "आपणच." त्यापुढे त्यांना जाता येईना. मग ते पहिल्या बाकावर बसले आणि कुणालाच उद्देशून नव्हे असे म्हणाले, "मी फोन उचलायचो नाही."

मित्रांनो, मी खूप शोक अंगावर वागवला, पण तो रंगवलेला. खरा कसा असतो ते मला त्या दिवशी कळले. त्याला फार आवाज नसतो. सायकलच्या चाकातली हवा जाते तसे काहीसे.

कुणीतरी पेंटरबाईला हाक मारली. ती दारात आली, हातात पाटीचा ब्रश तसाच. तिला पाहून मास्तरांनी हातानेच नको नको केले. "तू आत जा," ते म्हणाले. "वेगवेगळे..."

"ते त्या दिवसासाठी लिहिलंय," ती म्हणाली. "आजच्यासाठी कुठे लिहिलंय? सरका."

ते सरकले. ती शेजारी बसली आणि पहिल्यांदा तीच रडली. मग ते. गॅरेजवाल्याच्या आईने बाकीच्यांना उठवले. म्हणाली, चला, आज चहा माझ्याकडे, आणि गुडघे धरत तिने सगळ्यांना खाली नेले. खोलीत दोघे राहिली. आणि मी.

.

त्यानंतर पेंटरबाईने मला उतरवले, पाठीला ठिगळ लावले आणि पुढून ती जागा न रंगवता तशीच सोडली. मास्तरांचे मत बदलले नाही. आजही विचारले तर ते सांगतात की ते राष्ट्र एक दिवस वळेल, देव आपला शब्द पाळील. फक्त हे आता ते बाकावर बसून सांगतात, बायकोच्या शेजारी. छडी त्यांनी खाली गॅरेजवाल्याला देऊन टाकली. त्याने तिला फडके बांधून कोळ्याची जाळी काढायला घेतली.

मी मात्र थकलो आहे, मित्रांनो. माझ्यासारखे तक्ते अजून कुठेकुठे टांगलेले असतील. त्यांना ओलीच्या भिंतीवर लावू नका. घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो. दाखवायचेच असेल तर बोटाने दाखवा, हलकेच. ज्यांच्याकडे बोट करता ती माणसे कुठेतरी राहतात, त्यांना आयाबाप असतात, हे ध्यानात असू द्या. आणि दाखवून झाले की जरा वेळ बसा.

मला रंगवून गच्चीवर वाळत घातले त्या दिवशी मुलाला पहिला दात आला होता.