जावयाने निवडलेले ब्रेक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आपली गाडी विकून पायी फिरावं, कारण एवढा भोळा माणूस रस्त्यावर गाडी चालवण्याच्या लायकीचा नसतो.

हे मी पार्टवाल्याच्या दुकानात बोललो. काउंटरवर तीन खोकी उघडी पडली होती आणि एक टॅक्सीवाला अर्धा तास त्यांच्याकडे बघत उभा होता, मुलगी बघायला गेल्यासारखा. एका खोक्यात ब्रेकच्या साध्या डिस्क, दुसऱ्यात खाचा पाडलेल्या, तिसऱ्यात भोकं पाडलेल्या, चकाकणाऱ्या. कुठली घेऊ, कुठली घेऊ. पार्टवाला भोकांची पुढे सरकवत होता. त्याला काय, त्याला खोकं रिकामं करायचंय.

माझी मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला वायपरचे रबर हवे होते आणि ते माळ्यावरून निघेपर्यंत तिने मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

"भोकं असलेली घे," मी टॅक्सीवाल्याला म्हणालो. "वरण गाळायला घरी चाळणी नसेल तर."

"काका, दिसायला भारी आहे पण," तो म्हणाला.

दिसायला. हा शब्द ऐकला की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. चाळीस वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून काढली. ब्रेक दिसायला नसतो. ब्रेक चाकाच्या आत असतो, काळोखात, धुळीत, आणि त्याचं तोंड बघायची वेळ येते तेव्हा बहुतेक फार उशीर झालेला असतो. म्हणून मी त्याला म्हणालो, बस, तुला माझ्या जावयाची गोष्ट सांगतो. ही इथे बसलीय, गाडी हिचीच. खोटं वाटलं तर हिला विचार.

मुलीने मान वर केली नाही.

तर हिचं घर चढावर, वरच्या टोकाला; मीही तिथेच राहतो. हिची नोकरी खाली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. रोज सकाळी तो सगळा उतार उतरायचा, आणि उतार संपतो तिथे उजवीकडे वळण, वळणाला लागून शाळेचं फाटक. ही उतरते त्याच वेळेला शाळा भरते. पोरं काय रस्ता बघून ओलांडतात? पाठीवर दप्तर, तोंडात बडबड, आणि थेट गाडीखाली. म्हणजे त्या वळणावर ब्रेक लागला पाहिजे. लागला तर बरं असं नाही, लागलाच पाहिजे. एवढी एकच गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी मी कितीही वाहवत गेलो तरी.

एक दिवस ही म्हणाली, बाबा, ब्रेक दाबला की खरवडल्यासारखा आवाज येतो. मी पुढचं चाक उतरवलं. आतला पॅड संपला होता. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारी वडी; तिचा मसाला झिजून नुसतं लोखंड उरलं होतं आणि ते लोखंड डिस्कला ओरबाडत होतं. सगळीकडे काळी भुकटी, चिकट, जळक्या केसांसारखा वास. डिस्कच्या कडेला ताटासारखा काठ उभा राहिलेला आणि मध्ये गोल गोल चरे. मी सहज एका चऱ्यात खिळा धरला आणि चाक फिरवलं, तर त्यातून गाणं सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून सांगितलं, आवाज जरा कमी करा, बाळ झोपलंय.

"कुठलं गाणं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"तेवढं नीट ऐकू आलं नाही. पॅड संपला होता ना."

पार्टवाला हसला. मी हसलो नाही. कारण पुढे जे घडलं त्याची मला अजून शिसारी येते.

मी म्हणालो, मी आणतो नवीन. तर जावईबापू म्हणाले, "मामा, तुम्ही दगदग करू नका, मी बघतो." बघतो म्हणजे काय, तर मोबाइलवर बघतो. नऊ दिवस तो माणूस डिस्क निवडत होता. जेवताना डिस्क, झोपताना डिस्क. कुठल्यातरी पोराने रेसच्या मैदानात गाडी पळवून सांगितलेलं ज्ञान मला, मला, ऐकवायचा. हिच्याशी लग्न करायला त्याने चार दिवसांत होकार दिला होता, आणि डिस्कला नऊ.

दहाव्या दिवशी खोकी आली. पहिली जोडी एवढी मोठी की वरून चाकच बसेना. ती परत गेली. दुसरी आली ती ही अशी, भोकाभोकांची, कडेला सोनेरी रंग. सोबत लाल रंगाची डबी. ती कशाला, तर पॅड दाबणारा जो लोखंडी पंजा असतो तो बाहेरून लाल दिसावा म्हणून. नखाला लावतात तसा ब्रशने रंग देत बसला होता पार्किंगमध्ये, जीभ बाहेर काढून. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

पण खरी घाण पॅडची होती. रेसचे पॅड. आता हे नीट ऐक, तुझ्या कामाचं आहे. रेसचा पॅड तापल्याशिवाय धरत नाही. रेसवाला माणूस सारखा ब्रेक मारतो, त्याचे पॅड तापलेलेच असतात. आमची मुलगी घरातून निघते आणि गार पॅडवर थेट उतार. पहिल्या सकाळी हिने ब्रेक दाबला आणि गाडी म्हणाली, थांबते हं, घाई काय आहे. शेवटी हिने गिअर खाली टाकून, फुटपाथच्या कडेला चाक घासून गाडी थांबवली. शाळेचं फाटक किती लांब राहिलं होतं, तर इथपासून त्या पंख्यापर्यंत असेल, एवढं.

"मग काढले का नाहीत?" पार्टवाला म्हणाला.

काढतोय कसला! नऊ दिवस निवडलेलं असं कोण काढतो? त्याने उपाय शोधला. दुसऱ्या दिवसापासून हिच्या केस वाळवायच्या मशीनने पॅड तापवायला लागला. वरून खाली वायर सोडली, तीन मजले. स्वतः उकिडवा बसून एकेका चाकाला वीस वीस मिनिटं गरम हवा देतोय आणि ही वर ओल्या केसांनी उभी. चौथ्या दिवशी सगळ्या इमारतीची वीज गेली. लिफ्टमध्ये दोन म्हातारे अडकले. त्यातला एक बाहेर आला तेव्हा आत जाताना होता त्यापेक्षा तरुण दिसत होता, पण ते वेगळं.

मुलीच्या तोंडाची एक कड हलली. म्हणजे ती ऐकत होती.

मग मी नाद सोडला आणि ह्याच काउंटरवर आलो. विचार ह्याला. साध्या डिस्क घेतल्या, कंपनीने दिल्या होत्या त्याच मापाच्या, दोन्ही चाकांच्या एकदम. एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी असं कधी करू नको, गाडी एका बाजूला ओढते. आणि पॅड साधे, घरगुती, गारठ्यातही पहिल्या दाबाला धरणारे. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो, तो मी घासून घासून धुतला. मग रिकाम्या रस्त्यावर नेऊन तीसएक वेळा हळू हळू ब्रेक मारले, मध्ये थंड होऊ दिले, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखायला लागतात. असं बसवलं की पुढची तीन वर्षं बघायला नको.

"मग संपली की गोष्ट," टॅक्सीवाला म्हणाला आणि त्याने साध्या डिस्कचं खोकं आपल्याकडे ओढलं.

संपली असती. पण पॅड ओरडायला लागले. नवे पॅड कधी कधी ओरडतात, कुईंऽऽ करून, कुत्र्याच्या पिल्लासारखे. वळणावर माणसं वळून बघायची. त्याचा उपाय सोपा आहे. पॅडला दोन बाजू असतात. एक लोखंडी पाठ, एक घासणारं तोंड. पाठीला नखावर मावेल एवढं ग्रीस लावायचं, आवाज बंद. तोंडाला ग्रीस लागता कामा नये. लागलं की तो ब्रेक राहिला नाही. त्यापेक्षा पेडलखाली उशी ठेवलेली बरी.

आणि जावयाने तोंडाला लावलं.

टॅक्सीवाल्याने हातातलं खोकं खाली ठेवलं.

थोडंथोडकं नाही. चारही पॅडना, बोटाने, लोण्यासारखं, कडेपर्यंत. मी नंतर ते काढून बघितले ना, किळस आली. तो काळानिळा चिकट थर, त्यात बोटाचे ठसे स्पष्ट उठलेले. असल्या माणसाच्या हातात पाना देऊ नये. पाठ कुठली आणि तोंड कुठलं हे ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या लेकीबाळीच्या गाडीला हात लावावा कशाला? आवाज बंद करायला निघाला होता. आवाज बंद झाला खरा. गाडी गुपचूप खाली गेली.

"मग?" पार्टवाला म्हणाला. त्याने ही गोष्ट तीन वेळा ऐकली होती, पण प्रत्येक वेळी शेवट वेगळा असतो म्हणून तो ऐकतो.

मग काय. ही उताराला लागली, ब्रेक दाबला, पाय पेडलवर जीव खाऊन दाबलेला, पण गाडीला पत्ताच नाही. मी गॅलरीत उभा. गाडीच्या चालीवरून मला कळलं. तिसऱ्या मजल्यावरून मी जो निघालो तो पायऱ्यांना पाय लावला की नाही आठवत नाही. उतारावर मी एका दुधाच्या गाडीला मागे टाकलं, एका सायकलवाल्याला मागे टाकलं, तो अजून मला बघितलं की सलाम करतो. शाळेच्या फाटकापाशी पोरं रस्त्यात. मी गाडीला गाठलं, पायातली चप्पल काढली, पळता पळता वाकलो आणि पुढच्या चाकात हात घालून चपलेचा तळ डिस्कवर दाबला. असा. रबराचा धूर निघाला. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि पहिल्या पोराचं दप्तर ह्यांच्यात माझी चप्पल मावेल एवढी जागा होती. आणि मावली सुद्धा, अर्धीच उरली होती ना.

"चप्पल कुठल्या मेकची?" टॅक्सीवाल्याने गंभीर तोंड करून विचारलं. "पॅडच्या ऐवजी तीच लावतो."

"एकच नग होता," मी म्हणालो.

पार्टवाला काउंटर थोपटून हसला. टॅक्सीवालाही हसला. मला वाटलं, आता गोष्ट सुखरूप घरी पोचली.

मुलीने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"बाबा, तुम्ही पळालात ते असू द्या," ती म्हणाली. "चप्पल पण असू द्या. मी गाडी बांधकामाच्या वाळूत घातली म्हणून थांबली, पण तुम्हाला चप्पल आवडते तर चप्पल. केसांची मशीन, वीज, म्हातारे, सगळं चालेल, तो स्वतः पण हसतो त्याला."

"मग झालं तर," मी म्हणालो.

"ग्रीस त्याने लावलं नव्हतं. तो त्या आठवड्यात ट्रेनिंगला गेला होता, गावातच नव्हता. तुम्ही खाली पार्किंगमध्ये पाटावर बसून लावत होतात, आणि मी वरून डबा भरता भरता बघत होते. तोंडालाच लावत होतात. मला ते दिसलं, बाबा. मला वाटलं, तुम्हाला कळतं."